खटल्याची नक्कल काढताना

नुसतं नाव घेऊन कोर्टात जाऊ नका. एकाच नावाचे चार आरोपी निघतात आणि भलत्याचीच फाईल हातात येते. पोलीस ठाण्यातला गुन्हा क्रमांक वेगळा, न्यायालयातला खटला क्रमांक वेगळा. नवखे हमखास इथेच अडकतात. खटला क्रमांक, वर्ष आणि न्यायालय कोणतं, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

अर्जात ‘सगळी कागदपत्रं द्या’ असं लिहू नका. आरोपपत्र, अमुक तारखेचा आदेश, निकालपत्र असं नेमकं मागा, कारण शुल्क बहुधा पानांवर लागतं. कागद कुठे सादर करायचा असेल तरच प्रमाणित, म्हणजे न्यायालयाच्या सही-शिक्क्याची, नक्कल घ्या. जुनी फाईल अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये, गेली असेल तर वेळ लागणारच. आणि हो, अर्जाची पावती जपा. माझा हरवलेला अर्ज तिच्याच जोरावर सापडला.