ॲपाची ट्राउट ओळखायचा कसा?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहतो आणि उन्हाळ्यात व्हाइट माउंटन्समध्ये गळ टाकायला जातो. सापडलेला मासा तिथला मूळचा ॲपाची ट्राउट की बाहेरून आणलेला रेनबो ट्राउट, हे कसं ओळखायचं? आणि हा मासा वाचवण्यासाठी ओढ्यात विष घालतात म्हणे, ते का?

उत्तर : आधी डोळा पाहा. ॲपाचीच्या बुबुळाच्या पुढे-मागे एकेक काळा ठिपका असतो, त्यामुळे डोळ्यातून आडवी काजळाची रेघ गेल्यासारखी दिसते. अंग पिवळसर सोनेरी, ठिपके ठळक पण विरळ, परांची टोकं पांढुरकी. कडेनं गुलाबी पट्टा आणि बारीक ठिपक्यांची गर्दी असेल तर रेनबो. पण नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. दोघंही वसंतातच अंडी घालतात, त्यांचा संकर होतो आणि संकरित पिल्लंही पुढे वितात. खात्री हवी तर पराचा तुकडा घेऊन जनुकीय तपासणीच करावी लागते.

ब्राउन आणि ब्रूक हे बाहेरून आणलेले आणखी दोन ट्राउट शरद ऋतूत वितात, म्हणून संकराचा प्रश्न नाही. ते जागा आणि खाणं बळकावतात, ब्राउन तर पिल्लंही गट्ट करतो.

उपाय म्हणून परके मासे वर चढू नयेत असा आडवा अडथळा ओढ्यावर घालतात. बऱ्याच ठिकाणी तो आपल्या पाणलोटाच्या कामात असतो तसा गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरलेला बंधारा. त्याच्या वरच्या अंगाला परके मासे मारायला रोटेनोन सोडतात, तेच तुम्ही ऐकलेलं विष. हे वनस्पतीच्या मुळांतलं द्रव्य कल्ल्यांतून शिरून पेशींचं श्वसन थांबवतं. खालच्या टोकाला पोटॅशियम परमँगनेट घालून त्याचा असर मारतात. त्यानंतरच शुद्ध ॲपाची सोडायचे. फसतं ते झऱ्यांच्या तोंडाशी: तिथल्या ताज्या पाण्यात चार परके मासे तगले की सगळं पुन्हा करावं लागतं. बंधाऱ्याची तार तुटून दगड सरकले तरी तेच. पाणी वरून पडण्याऐवजी फटींतून वाहतं आणि ब्रूक वर चढतो. बादलीतून हौसेनं मासे वर नेऊन सोडणारे महाभाग वेगळेच!

व्हाइट, ब्लॅक आणि लिटल कोलोरॅडो या नद्यांच्या उगमाकडचा हा मासा. 1967 मध्ये तो अमेरिकी सरकारच्या यादीत संकटग्रस्त ठरला, 1975 मध्ये दर्जा एक पायरी सौम्य झाला आणि 2024 मध्ये तो यादीतून बाहेर पडला. सरकारच्या कितीतरी आधी तिथल्या मूळनिवासी व्हाइट माउंटन ॲपाची जमातीनं आपल्या ओढ्यांवर मासेमारी बंद केली होती, मोठं श्रेय त्यांचंच.

या जमातीच्या फोर्ट ॲपाची राखीव प्रदेशात मासेमारीला जमातीचा परवाना लागतो, ॲरिझोना राज्याचा तिथे चालत नाही. काही ओढे पूर्ण बंद असतात, काहींत मासा परत सोडावा लागतो. परवाना घेतानाच त्या वर्षीचे नियम विचारून घ्या.