कोष, कोसला आणि कोसा

प्रश्न असा आला आहे: ‘रेशमाच्या किड्याभोवतीच्या गोळीला कोष म्हणतात आणि कढीपत्त्याच्या काडीला चिकटलेल्या फुलपाखराच्या हिरव्या, टोकदार वस्तूलाही कोषच म्हणतात. या दोन्ही एकच गोष्टी का? आणि सुरवंट कोषात गेला, असं दोन्हीकडे म्हणता येईल का?’

एकच नाहीत. रेशमाची गोळी ही अळीने आपल्याभोवती विणलेली भिंत आहे. जीव तिच्या आत असतो. कढीपत्त्यावरची ती हिरवी वस्तू मात्र स्वतःच जीव आहे. सुरवंट शेवटची कात टाकतो, आतली नवी त्वचा काही वेळात कडक होते, आणि तेवढंच त्याचं कवच. म्हणून फुलपाखराचा सुरवंट कोषात जात नाही, त्याचा कोष होतो. मी तरी असंच लिहितो. बोलताना ‘कोषात गेला’ म्हणणाऱ्याला अडवू नये, पण निसर्गाविषयी लिहिताना हा फरक पाळावा असं मला मनापासून वाटतं, कारण दोघांची स्वसंरक्षणाची रीतच यावर ठरते.

भिंत असलेल्यांचं उत्तम उदाहरण विदर्भात आहे. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, गोंदिया या भागांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवतात. तिथे या गोळीला कोसा म्हणतात. अळी आधी रेशमाचा बळकट देठ करते, त्याचं कडं फांदीभोवती आवळते आणि मग त्याला टांगून कोसा विणते. पानगळ झाली तरी कोसा पडत नाही. धाग्यांना धरून ठेवणाऱ्या चिकामुळे तो इतका टणक होतो की बोटांनी दाबून फुटत नाही. हिवाळ्यात तयार झालेल्या गोळ्यांतले जीव पुढचा पावसाळा येईपर्यंत कित्येक महिने आत काढतात, म्हणजे अख्खा उन्हाळा त्या भिंतीच्या भरवशावर. बाहेर पडताना पतंग तोंडातून एक पाचक द्रव सोडतो, त्याने चीक सुटतो आणि धाग्यांमधून वाट होते. काही केसाळ सुरवंट तर स्वतःचे खाजरे केस झडवून विणीत मिसळतात, म्हणजे भिंतच खाज आणते.

फुलपाखराच्या कोषाला अशी भिंत नसते, तेव्हा त्याला दिसू न देणं हाच मुख्य उपाय उरतो. लिंबू-कढीपत्त्यावरच्या फुलपाखराचा कोष हिरव्या फांदीवर बहुधा हिरवा होतो, सुक्या काडीवर किंवा भिंतीवर बहुधा तपकिरी. कोष होण्याआधी सुरवंट ज्या जागी स्थिरावतो, तिथल्या खुणांवरून हा रंग ठरतो. रेशीम इथेही आहे, पण बेताचं: शेपटीचे बारीक आकडे अडकवायला एक छोटी गादी आणि कमरेभोवती एक धागा. कण्हेरीवर वाढणाऱ्या कॉमन क्रो या फुलपाखराचा कोष आरशासारखा चकाकतो, त्यात आजूबाजूची पानं उमटतात. एपफ्लाय नावाच्या चिमुकल्या फुलपाखराचा कोष माकडाच्या तोंडासारखा दिसतो. निळ्या फुलपाखरांच्या कुळातल्या अनेक कोषांभोवती मुंग्यांचा पहारा असतो, आणि हे कोष अगदी बारीक आवाजही काढतात. नुकत्याच झालेल्या मऊ कोषात अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांपुढे मात्र नुसतं लपणं पुरत नाही.

तिसरा प्रकार मातीतला. हरभऱ्यावरची घाटेअळी जमिनीत शिरते आणि तिथे तिचा कोष होतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करा, म्हणजे कोष उघडे पडून उन्हाने मरतील, पक्षी वेचतील, हा सल्ला प्रत्येक शेतकऱ्याने ऐकलेला आहे. त्या वाक्यातला ‘कोष’ म्हणजे आवरण नाही, जीव आहे. उलट रेशीमशेती करणारे ‘कोष’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बाजारात वजनावर विकली जाणारी गोळी असते, आतल्या जिवाला ते प्युपा म्हणतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कुणाचाही शब्द बदलायला जाऊ नये.

एकाच लेखात दोन्ही आले तर काय करायचं? परिभाषेत जिवासाठी ‘कोशित’ आहे, पण तो बोलण्यात रुळलेला नाही. माझी पसंती अशी: विणलेल्या आवरणाला कोसला, जिवाला कोष. ‘पतंगाच्या अळीने कोसला विणला, त्यात तिचा कोष झाला’ हे वाक्य ऐकायलाही मराठी वाटतं. विदर्भातल्या टसरबद्दल लिहीत असाल तर बेलाशक कोसा लिहा.

राहिलं श की ष. संस्कृतात कोश आणि कोष दोन्ही आहेत, अर्थ म्यान, कळी, खजिना असे सगळे झाकून ठेवणारे. मराठीत शब्दकोशाला श पक्का झाला आहे, किड्यांच्या बाबतीत छापील मजकुरात ष जास्त दिसतो. कोणताही घ्या, पण लेखभर एकच ठेवा. संस्कृतातला ‘कोशकार’ मात्र दोघांनाही लागतो, शब्दकोश रचणाऱ्याला आणि रेशमाच्या किड्यालाही.