यहुदी विचारात कपडे आणि बाहेरचं वागणं मन घडवतं, म्हणजे नेमकं कसं?

आधी भाव, मग कृती, असा आपला समज असतो. तेराव्या शतकात स्पेनमध्ये लिहिलेला, यहुदी धर्माज्ञा समजावणारा 'सेफेर हाखिनुख' हा ग्रंथ उलट सांगतो: मन कृतीच्या मागे ओढलं जातं. दुष्ट माणूसही रोज आज्ञा पाळत राहिला, अगदी स्वार्थापोटी, तरी हळूहळू चांगल्याकडे झुकतो. सज्जनाने वाईट धंदा धरला तर तोही बिघडतो.

कपड्यांत याचं ठळक उदाहरण म्हणजे त्सित्सित, म्हणजे वस्त्राच्या कोपऱ्यांना बांधलेले दोऱ्यांचे गोंडे. चार कोपरे असलेल्या वस्त्राच्या प्रत्येक कोपऱ्याला चार दोरे ओवून दुमडतात, म्हणजे आठ टोकं होतात. त्यांवर पाच दुहेरी गाठी. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या) पद्धतीत गाठींमध्ये 7, 8, 11 आणि 13 वेढे, एकूण 39. तोराह या यहुदी धर्मग्रंथातल्या 'गणना' भागात (15:39) क्रमच दिलाय: दोरे पाहा, आज्ञा आठवा, पाळा. 'पाहा' म्हटलंय म्हणून रात्री ही आज्ञा लागू नाही. दोरे आधी बांधून नंतर वस्त्राला चौथा कोपरा केला तर ते बाद; वस्त्र आधी चौकोपरी हवं, दोरे नंतर.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचंच बघा ना. ते तेल गाळायचे, पण शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा घाणा बंद; म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ओळख टिकली ती अशा पाळण्यातून.

फसतं कुठे? सवय यांत्रिक झाली की. यशया या संदेष्ट्याचा ग्रंथ (29:13) त्यावरच चिडतो: ओठांनी मान, हृदय दूर. म्हणून त्सित्सितचं वस्त्र अंगावर घेताना आशीर्वचन म्हणायचं आणि कशासाठी हे मनात आणायचं. त्याला 'कव्वाना' म्हणतात.