थकवा बदलाचा, राजीनामा कशाला?

"2008 पासून सरकारी बँकेत काउंटरला आहे. बँक विलीन झाली, सिस्टीम बदलली, टेबल बदललं. आता रोज नवं परिपत्रक, वर विम्याचं टार्गेट. घरी आल्यावर बोलायचंही त्राण उरत नाही. मी मठ्ठ झालेय का? राजीनामा द्यावासा वाटतो."

ताई, मठ्ठ वगैरे काही झालेल्या नाहीत. जुन्या सिस्टीमचे मेनू तुमच्या बोटांना पाठ होते. ग्राहकाशी गप्पा मारता मारता मुदत ठेवीची पावती निघायची. आता प्रत्येक स्क्रीनला थांबून आठवावं लागतं आणि समोर रांग खोळंबलेली. काम तेवढंच, पण हाताचं डोक्यावर आलंय.

म्हणून सगळं शिकायला जाऊ नका. आठवडाभर टिपून ठेवा, कोणते व्यवहार रोज दहा वेळा तरी होतात. पाच-सहाच निघतील. त्यांचे मेनू आणि अडायच्या जागा (बदललेला ग्राहक क्रमांक, स्कॅन न झालेली सही) पुठ्ठ्यावर लिहून मॉनिटरखाली चिकटवा. बाकीचं खुशाल शेजारी विचारा. परिपत्रकं एकदाच वाचायची, काउंटर उघडण्याआधी.

सिस्टीममध्ये आहे तेच अजून रजिस्टरमध्येही उतरवताय का? विलीनीकरणानंतर हे दुहेरी काम कुणी बंदच करत नाही. मॅनेजरना ईमेलवर विचारा: "हे रजिस्टर बंद करू का?" तोंडी होकार ऑडिटच्या वेळी कुणाला आठवत नाही.

आणि दमलात म्हणून पासवर्ड कुणाला देऊ नका. "ताई, तुमच्या आयडीतून टाकतो" म्हणणारा मदतच करत असतो, पण चौकशी लागली की ज्याचा आयडी त्याची मान.

राजीनाम्याचं मात्र थांबा. 1 एप्रिल 2010 आधी लागलेल्या तुम्ही, म्हणजे बँकेची जुनी पेन्शन योजना तुम्ही घेतलेली असू शकते. पेन्शनचा पर्याय असेल तर स्वेच्छानिवृत्तीला 20 वर्षांची सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस लागते. त्याआधी राजीनामा दिलात तर मागची सेवा पेन्शनला धरत नाहीत. तुमची वीस वर्षं 2028 मध्ये भरतात. बिनपगारी रजा झाली असेल तर ती या सेवेत धरलीय का, हे सेवापुस्तिकेवरून एचआरकडून तपासून घ्या.

तोवर शिल्लक रजेतले सलग दहा दिवस काढा, तिमाहीअखेर टाळून. रजेतही झोप लागली नाही, सकाळी उठून रडू आलं, तर डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.