पेअर झालं, मग ‘की’ गेली कुठे?

प्रश्न : आमच्या स्पीकरच्या ब्लूटूथ सर्टिफिकेशनच्या चाचण्या पीटीएसवर (ब्लूटूथ संघटनेच्या चाचणी सॉफ्टवेअरवर) चालू आहेत. पहिली पास होते, दुसरीत आमच्या लॉगमध्ये ६ नंबरची एरर येऊन लिंक तुटते. फोनशी मात्र काही तक्रार नाही. बोर्डावर लिनक्स आणि त्याचं ब्लूटूथ सॉफ्टवेअर ब्लूझेड आहे. – एक वाचक, पिंपरी

उत्तर : ६ म्हणजे ‘पिन किंवा की नाही’. तुमच्याकडे जुनी लिंक की (पेअरिंगच्या वेळी दोघांनी ठरवलेली गुप्त किल्ली) आहे, समोरच्याने, म्हणजे पीटीएसने, ती पुसून टाकलीय. (दोघांकडे की असून जुळत नसती, तर ५ आला असता.) फोन आपणहून की पुसत नाही, म्हणून तिथे सगळं गोड. पीटीएसच्या इक्झिटमध्ये (चाचणीच्या सेटिंग्जच्या यादीत) ‘टीएसपीएक्स डिलीट लिंक की’ बघा. ते ट्रू असेल, तर फॉल्स करा. नाहीतर प्रत्येक चाचणीआधी बोर्डावरचं पेअरिंगही काढा. एकाच बाजूचं पुसायचं नाही, एवढं पाळा.

बोर्ड रीस्टार्ट केल्यावर की गायब होत असेल, तर दुखणं वेगळं. /व्हार/लिब/ब्लूटूथ मध्ये समोरच्या उपकरणाच्या ब्लूटूथ पत्त्याच्या फोल्डरातली इन्फो फाइल उघडा. ‘लिंक की’खाली ३२ हेक्स आकडे, म्हणजे १२८ बिट, दिसायला हवेत. मी एकदा तीन दिवस ब्लूटूथ सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसलो होतो. शेवटी कळलं, आमच्याच माणसाने फ्लॅश झिजू नये म्हणून अख्खं व्हार रॅममध्ये टाकलेलं! फाइल आहे पण ‘लिंक की’चा भागच नाही? मग पेअरिंग ‘नो बाँडिंग’ने (कायमची जोडी न ठेवता) झालंय का, ते एचसीआय लॉगमध्ये (ब्लूटूथ चिप आणि सॉफ्टवेअर यांच्यातल्या संदेशांच्या नोंदीत) तपासा. तसं असेल तर की साठवलीच जात नाही.