देशद्रोह की राजद्रोह?

प्रश्न : ‘देशद्रोहाचा गुन्हा दाखल’ असं बातम्यांत सर्रास वाचतो. हे नेमकं कोणतं कलम आणि शिक्षा किती? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ‘देशद्रोह’ नावाचं कलम भारतीय न्याय संहितेत (गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या सध्याच्या कायद्यात) नाहीच. बातमीत हा एकच शब्द दोन निराळ्या गुन्ह्यांना चिकटवला जातो.

पहिला, कलम १४७ : भारत सरकारविरुद्ध युद्ध करणं, तसा प्रयत्न करणं किंवा त्यासाठी चिथावणं. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, वर दंड. कट रचणाऱ्याला (कलम १४८) जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद. कट शिजला की पुरे, पुढे काही घडलंच पाहिजे असं नाही. कलमाची सुरुवात ‘जो कोणी’ अशी आहे, आरोपी भारतीयच हवा ही अट नाही. म्हणूनच पाकिस्तानी अजमल कसाब याच तरतुदीच्या जुन्या अवताराखाली, भादंवि (आधीचं भारतीय दंड विधान) कलम १२१ खाली, दोषी ठरला.

दुसरा राजद्रोह, म्हणजे भादंवि १२४-अ : सरकारविरुद्ध द्वेष किंवा अप्रीती पसरवणं. टिळकांना १८९७ मध्ये १८ महिने आणि १९०८ मध्ये ६ वर्षं झाली ती याच कलमाखाली. १ जुलै २०२४ पासून ते गेलं आणि कलम १५२ आलं : फुटीरता, सशस्त्र बंड, विघातक कारवाया यांना हेतुपुरस्सर चिथावणं किंवा देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणं. १२४-अ मध्ये जन्मठेप, नाहीतर ३ वर्षांपर्यंत कैद, नाहीतर नुसत्या दंडावरही सुटका होती. आता जन्मठेप किंवा ७ वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. ‘राजद्रोह रद्द झाला’ म्हणून निर्धास्त होण्याजोगं यात काही नाही.

प्रश्न : मग सरकारविरुद्ध घोषणा दिली तरी अडकणार?

उत्तर : गुन्हा नोंदला जाऊ शकतो, टिकणं वेगळं. केदारनाथ सिंह खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ वैध ठरवलं, पण हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच. बलवंत सिंग खटल्यात (१९९५) दोन-चारदा दिलेल्या, लोकांवर काही परिणाम न झालेल्या घोषणा राजद्रोह ठरल्या नाहीत. १५२ चे शब्द निराळे असले, तरी बचावाचे वकील याच निकालांचा आधार घेतात.

आणखी एक अडसर : केंद्र किंवा राज्य सरकारची पूर्वमंजुरी (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तपास-खटल्याच्या कार्यपद्धतीचा कायदा, कलम २१७) नसेल, तर न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. एफआयआर आणि अटक यांना मात्र ती लागत नाही. त्यामुळे माणूस आधी आत जातो, मंजुरीचा कागद मागाहून येतो. आणि गुन्हा अजामीनपात्र.

प्रश्न : शिक्षा झाल्यास नागरिकत्व जातं का?

उत्तर : जन्माने भारतीय असाल तर नाही. नोंदणीने किंवा देशीयकरणाने (परदेशी व्यक्तीने अर्ज करून नागरिकत्व मिळवणं) नागरिक झालेल्यांचं मात्र नागरिकत्व कायद्याच्या कलम १० खाली केंद्र सरकार काढून घेऊ शकतं, तेही नोटीस देऊन.