गिअरबॉक्स उतरवण्याआधी वायरिंग बघ
ऑटोमॅटिक पिकअप गाडी एकाच गिअरमध्ये अडकतेय म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नकोस. अनेकदा तो लिंप मोड, म्हणजे गाडीची बचावाची अवस्था असते; सिग्नल पटला नाही की गिअरबॉक्सचा कंट्रोलर एकच गिअर धरून बसतो. आधी बॅटरी तपास, इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. अर्थिंगची टोकं साफ कर. मग बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लाव. पी०७०० हा कोड फक्त निरोप्या, गिअरबॉक्सच्या कंट्रोलमध्ये बिघाड आहे एवढंच सांगतो. नेमका कोड ट्रान्समिशन मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्याच कंट्रोलरमध्ये मिळतो. तो लिहून घेतल्याशिवाय काहीही पुसू नकोस, हे मी कळकळीने सांगतोय. कोड सोलेनॉइडचा (गिअरबॉक्समधल्या विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचा) निघाला तरी आधी गिअरबॉक्सवरचा कनेक्टर उघड: पिनांवर तेल किंवा गंज दिसतो का? मग सोलेनॉइडचा रेझिस्टन्स गार आणि गरम, दोन्ही वेळा मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघ.